सेल्फ मारला की गाडीतली स्क्रीन का विझते?

स्क्रीन बदलूनही तक्रार तशीच राहते, कारण अनेकदा बिघाड तिच्यात नसतो. तो तिला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये आणि गंजलेल्या अर्थमध्ये असतो. रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत तो लवकर वर येतो.

चावी फिरवली, सेल्फ मारला, की डॅशबोर्डवरची स्क्रीन क्षणभर काळी होते. मग कंपनीचे बोधचिन्ह उमटते आणि स्क्रीन पहिल्यापासून सुरू होऊ लागते. मागचा कॅमेरा दिसेपर्यंत गाडी पार्किंगमधून बाहेर निघालेली असते. उन्हाळ्यात हे कधीमधी घडते, पावसाळ्यात वारंवार घडू लागते. गाडी मांडवी किंवा मिरकरवाड्याच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्यावर रात्रंदिवस उभी राहत असेल तर अधिकच.

गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून मीटर लावला की १४ व्होल्ट दिसतात. ‘सप्लाय ओके आहे, स्क्रीनच गेली,’ असे निदान होते. हजारो रुपये मोजून नवी स्क्रीन बसते आणि काही दिवसांनी तीही तसेच करू लागते.

प्रश्न पैशांपुरता नाही. आंबा किंवा कुंभार्ली घाटात समोरून ट्रक आला म्हणून गाडी मागे घ्यावी लागते, तेव्हा मागे कठडा आहे की दरी, हे ती स्क्रीन सांगत असते. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांत मागचे दृश्य दाखवणे सक्तीचे आहे आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत ते दिसले पाहिजे, असा नियम आहे. भारतात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागच्या अडथळ्याची सूचना देणारा सेन्सर सक्तीचा झाला, कॅमेरा नाही. पण कॅमेऱ्याची सवय एकदा लागली की चालक मान वळवून पाहणे कमी करतो. अशा वेळी स्क्रीन नसणे एक वेळ परवडते, भरवशाची नसलेली स्क्रीन परवडत नाही.

‘१२ व्होल्ट’ म्हणजे नेमके किती?

मोटारीची विजेची व्यवस्था १२ व्होल्टची, असे सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात हा आकडा गाडीत क्वचितच सापडतो. पूर्ण चार्ज झालेली, शांत उभी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला डायनॅमो, तो आकडा साडेतेरा ते साडेचौदापर्यंत नेतो. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह ओढते आणि बॅटरी नऊ-दहा व्होल्टपर्यंत घसरते. जुनी, थकलेली बॅटरी सहा-साडेसहापर्यंतही जाते.

वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएसओ १६७५०-२’ हीच घसरण गृहीत धरते. त्यातल्या एका चाचणीत पुरवठा १५ मिलिसेकंद साडेचार व्होल्टपर्यंत पाडतात आणि मग दहा सेकंद साडेसहा व्होल्टवर धरून ठेवतात. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियात, म्हणजे एआरएआयमध्ये, वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचण्यांची सोय आहे. कंपनीतून गाडीसोबत येणारी स्क्रीन असल्या परीक्षांतून गेलेली असते. बाजारातून आणून नंतर बसवलेली स्क्रीन गेलेली असेलच, याची खात्री नसते.

ही चाचणी थंड देशांतल्या गोठलेल्या सकाळींसाठी आहे, रत्नागिरीत असली थंडी कुठे पडते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण उष्णता बॅटरीला आतून लवकर म्हातारी करते. युरोपात थंडी जे करते, ते इथे तीन-चार वर्षांची थकलेली बॅटरी करते.

स्क्रीन बल्बसारखी वागत नाही

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण चुकीच्या निदानाचे मूळ तिच्यात आहे. व्होल्टेज कमी झाले की साधा बल्ब मंद होतो आणि प्रवाहही कमी ओढतो. स्क्रीनमध्ये मात्र ‘डीसी-डीसी कन्व्हर्टर’ असतो. बाहेर काहीही होवो, आतल्या चिपला ठरलेले ५ किंवा ३.३ व्होल्ट मिळालेच पाहिजेत, हे त्याचे काम. त्यामुळे बाहेरचे व्होल्टेज घसरले की तो ती तूट जास्त प्रवाह ओढून भरून काढतो. १२ वॉटची स्क्रीन १२ व्होल्टवर एक अँपिअर घेते, तर ६ व्होल्टवर दोन.

आता मध्ये गंजलेला अर्थ आणा. स्क्रीनची काळी वायर डॅशबोर्डमागच्या एखाद्या स्क्रूला बांधलेली असते. खारी हवा तिथे पोचते, तांब्याच्या तारेवर हिरवट कळंक चढतो, पत्र्याला गंज धरतो. समजा या सांध्यात एक ओहमचा अडथळा तयार झाला. इंजिन चालू असताना, १४ व्होल्टवर, ही स्क्रीन साधारण ०.९ अँपिअर घेते, सांध्यात ०.९ व्होल्ट वाया जातात आणि स्क्रीनला १३ च्या वर मिळतात. सगळे झकास चालते.

सेल्फ मारला आणि बॅटरी साडेसहावर आली की गणित पालटते. साडेसहा व्होल्टमधून एक ओहमच्या अडथळ्यापलीकडे जास्तीत जास्त साडेदहा वॉट शक्ती पोचू शकते. स्क्रीनला हवेत १२. कन्व्हर्टर जास्त प्रवाह ओढतो, त्याने सांध्यातली घट वाढते, व्होल्टेज आणखी पडते, म्हणून तो आणखी ओढतो. शेवटी पुरवठा कोसळतो आणि स्क्रीन विझते. अडथळा अर्ध्या ओहमचा असता तर तीच स्क्रीन त्याच बॅटरीवर साधारण ५.४ व्होल्ट मिळवून, अर्थात कन्व्हर्टर तेवढ्यावर चालणारा असेल तर, तगून राहिली असती. चालू इंजिनवर या दोन गाड्यांत काहीही फरक जाणवत नाही.

मीटर फसवतो तो इथेच, आणि दोन प्रकारे. एक म्हणजे मोजमाप इंजिन चालू असताना होते. दुसरे म्हणजे स्क्रीनचा सॉकेट काढून, रिकाम्या पिनांवर मीटर टेकवला जातो. प्रवाहच वाहत नसेल तर गंजलेल्या सांध्यात व्होल्टेज वाया जात नाही आणि मीटर पूर्ण १४ दाखवतो. त्यात साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. काही मिलिसेकंदांची बुडी त्याला दिसतही नाही.

याबाबतीत जुन्या वायरमनचा टेस्ट लॅम्प मीटरपेक्षा खरे बोलतो. स्क्रीनच्या सॉकेटवर २१ वॉटचा ब्रेकलाइटचा बल्ब लावला की तो दीड-पावणेदोन अँपिअर ओढतो आणि खराब सांधा लगेच उघडा पडतो. बल्ब मंद पेटतो. (हा बल्ब फक्त स्क्रीनच्या वायरवर लावावा. एअरबॅगच्या किंवा ईसीयूच्या वायरवर लावणे धोक्याचे आहे.)

मोठा कपॅसिटर लावून भागेल?

हा उपाय वरचेवर सुचवला जातो, म्हणून त्याचा हिशेब पाहू. १२ वॉटची स्क्रीन १५ मिलिसेकंद तगवायची तर ०.१८ ज्यूल ऊर्जा साठवावी लागते. कपॅसिटर १२ व्होल्टवरून ७ वर येईपर्यंत वापरता येतो असे धरले, तर सुमारे ३,८०० मायक्रोफॅरड पुरतात. अंगठ्याएवढा कपॅसिटर, जमण्यासारखी गोष्ट. पण सेल्फ दहा सेकंद चालला तर १२० ज्यूल लागतील, म्हणजे अडीच फॅरड. तेवढा कपॅसिटर डॅशबोर्डमागे बसत नाही आणि बसवला तरी तो चार्ज होताना फ्यूज उडवेल.

म्हणजे कपॅसिटर क्षणभराच्या बुडीसाठी ठीक. लांबलेल्या घसरणीसाठी ‘बक-बूस्ट’ प्रकारचा कन्व्हर्टर लागतो, जो इनपुट जास्त असेल तर उतरवतो आणि कमी असेल तर चढवतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत कंपन्या असे व्होल्टेज चढवणारे सर्किट मुद्दाम बसवतात. नाहीतर प्रत्येक सिग्नलला स्क्रीन विझली असती.

खरेदी करताना ‘इनपुट ९ ते ३६ व्होल्ट’ असे लिहिलेला कन्व्हर्टर भारी वाटतो. त्यातला ३६ चा आकडा लक्ष वेधून घेतो, पण इथे अडचण ९ च्या आकड्याची आहे. बॅटरी साडेसहावर आली की तो बंद पडणार. मोटारीसाठी खालचा आकडा ६ किंवा त्याहून कमी असलेला बरा.

आणखी एक युक्ती स्वस्त आणि हुशार आहे. स्क्रीनची बरीचशी वीज मागच्या प्रकाशाला, बॅकलाइटला लागते. सेल्फ चालू असताना सर्किटने तेवढा वेळ बॅकलाइट मंद केला आणि १२ वॉटची गरज ६ वर आणली, तर वरच्या उदाहरणातली एक ओहमवाली गाडीही निभावते. भारनियमनच, फक्त दोन सेकंदांचे. चालकाला स्क्रीन किंचित मंद झालेली दिसते, आतला प्रोसेसर मात्र बंद पडत नाही आणि बोधचिन्हापासून पुन्हा सुरुवात होत नाही.

आणि टर्मिनल सुटले तर?

आतापर्यंत व्होल्टेज कमी पडण्याची गोष्ट झाली. जास्त झाले तर नुकसान मोठे, कारण तेव्हा स्क्रीन नुसती विझत नाही, जळते.

बॅटरी उतरलेली आहे, अल्टरनेटर तिला जोरात चार्ज करतो आहे आणि नेमक्या त्याच वेळी खड्ड्यात गाडी आदळून सैल टर्मिनल निसटले, तर अल्टरनेटरमधला प्रवाह जायला वाट उरत नाही. त्याचे चुंबकीय क्षेत्र विरायला काही दशांश सेकंद लागतात. तेवढ्या काळात व्होल्टेज उसळते. याला ‘लोड डम्प’ म्हणतात. कोणतेही संरक्षण नसेल तर १२ व्होल्टच्या गाडीत ७९ ते १०१ आणि २४ व्होल्टच्या बस-ट्रकमध्ये १५१ ते २०२ व्होल्टपर्यंतची उसळी मानकाने धरली आहे. नव्या अल्टरनेटरमध्ये ती आतच दाबणारे डायोड असतात, त्यामुळे १२ व्होल्टच्या गाडीत ती ३५ च्या आसपास थांबते. जुन्या गाडीत किंवा हलका डायनॅमो बदलून घातलेल्या गाडीत ही हमी नाही.

लोड डम्प रोज होत नाही, छोट्या उसळ्या मात्र सतत होतात. वायपरची मोटर, हॉर्न, एसीचा क्लच, रिले, यांच्या वेटोळ्यांत साठलेली ऊर्जा स्विच बंद होताना सुटते आणि काही मायक्रोसेकंद ते मिलिसेकंदांचे टोकदार झटके वायरिंगमध्ये सोडते. कोकणातल्या पावसाळ्यात वायपर थांबतो कधी?

म्हणून स्क्रीनच्या दारावर आधी पहारेकरी लागतात. सर्वांत पुढे फ्यूज. तो बॅटरीच्या जवळ हवा, कारण तो स्क्रीनपेक्षा वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर मध्येच कुठे घासून पत्र्याला लागली तर आग लागू नये, हे त्याचे काम. फ्यूज उडतो म्हणून तिथे तार गुंडाळणाऱ्याने स्क्रीनच नव्हे, गाडी पणाला लावलेली असते. त्यानंतर ‘टीव्हीएस’ डायोड. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो गप्प बसतो, वर गेले की उसळी स्वतःवर घेतो.

टीव्हीएस निवडणे ही खरी कसरत आहे. बंद पडलेल्या गाडीला ट्रकच्या २४ व्होल्टवरून जम्प स्टार्ट देणारे लोक असतात आणि मानकही तशी मिनिटभराची चाचणी सांगते. त्यामुळे २४ व्होल्टवर डायोडने काहीच करायचे नाही, केले तर तोच जळेल. पण साधारण चाळीसच्या आत उसळी दाबायची, कारण पुढच्या कन्व्हर्टरची मर्यादा तेवढीच असते. मोठ्या लोड डम्पची ऊर्जा छोट्या डायोडला पेलत नाही. तिथे उसळी येताच पुरवठा क्षणभर तोडणारा मॉस्फेट वापरतात आणि मागचा कपॅसिटर तो क्षण निभावतो.

बॅटरी उलटी जोडली तर काय, यासाठी साधा डायोड चालतो. पण तो स्वतः अर्धा-पाऊण व्होल्ट खातो, आणि सेल्फच्या वेळी अर्धा व्होल्टही महाग असतो. ३ अँपिअरला त्याच्यात दोनेक वॉट उष्णता होते. २० मिलिओहमचा मॉस्फेट त्याच कामाला पाव वॉटही घेत नाही. किमतीतला फरक किरकोळ आहे, तरी स्वस्त स्क्रीनमध्ये डायोडच सापडतो.

घरगुती प्रयोग करणाऱ्यांचा आवडता ७८०५ हा आयसी मात्र इथे टाळावा. १४ व्होल्टचे ५ करताना तो उरलेले ९ व्होल्ट उष्णतेत घालवतो. एक अँपिअरला ९ वॉट, म्हणजे उपयोगी ५ वॉटच्या जवळजवळ दुप्पट. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमागे त्याला थंड करणार कोण? उष्णतेचा फटका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरलाही बसतो. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचा कपॅसिटर घेणे ही या सर्किटमधली सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणावी लागेल.

पुन्हा पुन्हा सुरू होणे अधिक वाईट

पुरवठा एकदा पडून गेला तर स्क्रीन पुन्हा उभी राहते. तो काठावर हेलकावत राहिला तर ती दर सेकंदाला चालू-बंद होत बसते. म्हणून चांगल्या सर्किटमध्ये बंद होण्याची आणि पुन्हा चालू होण्याची पातळी वेगळी ठेवतात. उदाहरणार्थ, ६ व्होल्टवर बंद आणि ८ च्या वर गेल्यावरच चालू.

स्क्रीनच्या मेमरीत काही लिहिले जात असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. असे वारंवार झाले की एक दिवस बोधचिन्हाच्या पुढे काही येतच नाही. ‘स्क्रीनच गेली’ हे सुरुवातीचे चुकीचे निदान तेव्हा खरे ठरते. वीज जाते आहे अशी सूचना प्रोसेसरला काही मिलिसेकंद आधी देणारे सर्किट असेल, तर तो लिहिणे थांबवू शकतो.

मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला आणि त्यात काळे पट्टे दिसले, तर मात्र घाबरू नये. बॅकलाइट वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त केला जातो, ते कॅमेऱ्याला दिसते इतकेच. पुरवठ्याचा दोष असेल तर नुसत्या डोळ्यांना हलणाऱ्या लहरी दिसतात, इंजिनच्या वेगाबरोबर बदलणाऱ्या. ती अल्टरनेटरची कुरकुर असते.

बस आणि मासेमारी बोट

बसच्या कपाळावर पत्र्याच्या पाटीऐवजी एलईडी मार्गफलक आला, की रात्रीच्या स्टँडवर ‘रत्नागिरी’ आहे की ‘राजापूर’, हे त्याच्यावरच ठरते. गणपतीच्या गर्दीत चाकरमान्यांसाठी विझलेला फलक म्हणजे धावाधाव. मोठ्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. खासगी बसमध्ये १२ व्होल्टचा टीव्ही किंवा म्युझिक सिस्टिम लावताना त्यातल्या एकाच बॅटरीवरून वायर काढण्याची पद्धत आहे. सोपी, फुकटची आणि वाईट. ती एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून बसवणे हाच बरोबर मार्ग.

मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर जीपीएस आणि फिश फाइंडरच्या स्क्रीन असतात. त्यांचा त्रास मोटारीसारखाच, फक्त मीठ अनेक पटींनी जास्त. म्हणून बोटीसाठीच्या चांगल्या तारेत तांब्याच्या प्रत्येक धाग्यावर कथिलाचा मुलामा असतो. पितळी भांड्याला कल्हई करतात, तसाच हेतू. ही तार थोडी महाग असते, पण किनाऱ्यावर राहणाऱ्या मोटारीत स्क्रीनची काळी वायर तिचीच करून घ्यायला काही हरकत नाही.

नवी स्क्रीन घेण्याआधी काय पाहावे?

आधी हे पाहावे की सेल्फनंतर घड्याळाची वेळ पुसली जाते का. बाजारातल्या स्क्रीनला साधारणपणे पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टची, लाल चावीची आणि काळी अर्थची असते. सेल्फ मारताना बऱ्याच गाड्यांत चावीची लाइन मुद्दाम तोडली जाते. पिवळीवर पुरवठा टिकून असेल तर स्क्रीन क्षणभर झोपते आणि लगेच जागी होते, वेळ शाबूत राहते. हा दोष नाही. वेळ पुसली जात असेल किंवा दरवेळी बोधचिन्हापासून सुरुवात होत असेल, तर पिवळी किंवा काळी वायर दगा देते आहे. काही वेळा बसवणाऱ्याने घाईत पिवळी आणि लाल एकत्र पिळून चावीच्या लाइनला जोडलेली असते. मग वायर वेगळ्या केल्या की काम झाले.

त्यानंतर मीटर. स्क्रीन पूर्ण उजेडावर, गाणे मोठ्याने चालू. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, दुसरे स्क्रीनच्या काळ्या वायरवर, सॉकेट न काढता. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब. हीच तपासणी बॅटरीच्या प्लसपासून पिवळ्या वायरपर्यंत करावी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून दोन्ही पुन्हा पाहावे.

दुरुस्ती साधी आहे. अर्थचा स्क्रू सोडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, नवी लग नीट दाबून बसवायची, घट्ट आवळायची आणि वरून ग्रीस लावायचे. घासल्यावर उघडा सोडला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. पिवळी वायर जाड घेऊन, फ्यूजसह, थेट बॅटरीवरून आणता येते. मात्र मायनस टर्मिनलवरच सेन्सर बसवलेल्या नव्या गाड्यांत काळी वायर टर्मिनलला न जोडता चासिसच्या ठरलेल्या बिंदूवर जोडावी, नाहीतर बॅटरीचा हिशेब ठेवणारी यंत्रणा चुकते.

इलेक्ट्रिक गाड्यांत स्टार्टरही नाही आणि अल्टरनेटरही नाही, त्यामुळे सेल्फच्या वेळची घसरण तिथे संपते. मोठ्या बॅटरीच्या शेकडो व्होल्टचे १२ किंवा २४ करणारा कन्व्हर्टर स्क्रीनला पोसतो. पण तिथेही छोटी १२ व्होल्टची बॅटरी बहुधा असतेच. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. आणि स्क्रीनची काळी वायर त्या गाडीतही एका स्क्रूलाच बांधलेली असते.